दहा नंबर सोडून

भास्कर,

भंडाऱ्याच्या जर्सीवाल्याचा काल फोन आला होता. तुझा फोन लागेना म्हणून त्यानं माझा नंबर कुठून तरी मिळवला. "भास्करभाऊ कुठी हायेत? दसरा आला, आन त्यायचा फोन लागून नाही राहिला," म्हणाला. तू गेल्याचं त्याला कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. बराच वेळ तो नुसता 'अरे, अरे' करत राहिला. शेवटी धंद्याचा माणूस, हळूच म्हणाला, "मंग काकाजी, या वर्षी नंबर कसे टाकू? दरवर्षीसारखे दहा सोडून, का आता दहा टाकू?"

विचारून सांगतो, असं म्हणून मी फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. संघाचं काहीही असलं की मी आधी तुला विचारायचो आणि मग तुझ्याशी भांडायचो. दुसरी रीतच मला माहीत नाही.

गंमत बघ. अर्धा जन्म ज्या एका गोष्टीवरून मी तुझ्याशी वाद घातला, ती आता माझ्या एका शब्दावर येऊन थांबली आहे. 'टाका' म्हटलं की दहा नंबर पुन्हा मैदानात. पोरं माझं ऐकतील, अडवणारा कोणी राहिला नाही. आणि मी कालपासून दारापुढच्या सपरीत बसून मोबाइलकडे नुसता बघतो आहे.

निदान एकदा माझी बाजू नीट मांडू दे. इतक्या वर्षांत तू ती कधी पूर्ण ऐकली नाहीस. मी रंगात आलो की 'चाल बे, धान पाहून येऊ' म्हणून उठायचास. आज मधे बोलायची सोय नाही तुला.

आपल्या करडीच्या कबड्डीच्या संघात नंबर मागून मिळत नाही. खेळ सोडणारा माणूस दसऱ्याच्या सकाळी तलावाच्या मातीच्या पारीखालच्या मैदानात येतो. मधल्या रेषेच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला नवा खेळाडू. जुन्यानं रेषेवरून हात पुढे करून जर्सी द्यायची, नव्यानं दोन्ही हातांनी घ्यायची, आणि मग एकमेकांना सोनं. जर्सी दुकानातून नवीकोरी आलेली असली तरी हात जुन्याचाच पाहिजे. नोकरीसाठी बाहेर गेलेले लोकही तेवढ्यासाठी रजा काढून येतात. ही रीत आपणच पाडली, ज्या वर्षी पहिल्यांदा बनियनवर आकडे काढले त्या वर्षी. तेव्हा जर्सी कुठली? पेंटरच्या दारात पिवळी बनियनं नेऊन टाकली होती, आणि त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव लिहावं तसे जाड काळे आकडे काढून दिले होते. तुझा चार, माझा पाच. दहा नंबर गेला सिहोऱ्याच्या मुन्नाला.

मुन्ना मामाकडे आला होता, धानाचा रोवणा करायला माणूस हवा होता म्हणून. आला आणि खेळला. दसऱ्यापासून होळीपर्यंत, एक हंगाम. होळीनंतर फौजेत भरती झाला. पुढच्या दसऱ्याला आपण वाट पाहिली, तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मामाच्या घरी त्याचं बनियन पडून राहिलं होतं, ते तू उचलून आणलंस, मंडळाच्या खोलीत खिळ्याला अडकवलंस आणि जाहीर केलंस की मुन्ना स्वतःच्या हातानं देईपर्यंत दहा नंबर कोणी घालायचा नाही.

तेव्हापासून आपला संघ एक ते तेरा असा मोजला जातो, दहा सोडून. बाहेरगावचे लोक विचारायचे, "तुमाले दहा येत नाही का?" पोरं हसून सोडून द्यायची. मला मात्र राग यायचा.

"पाहुणा होता थो, भास्कर," मी म्हणायचो. "आला, खेळला, गेला. इथं वीस-वीस वर्षं गुडघे फोडून घेतले लोकायनं. त्यायले खिळा नाही, आन याले कायले?"

"तुले नाही समजत देव्या."

"समजावून सांग ना मंग."

"चाल बे, धान पाहून येऊ."

हे असं. मोटारसायकलवर भंडाऱ्याला जर्सी सांगायला जातानाही हेच. तू पुढे, मी मागे, आणि वाऱ्यात एकमेकांवर ओरडत. कारध्याचा पूल आला की तू गप्प व्हायचास. एक हात हँडलवरून काढून वैनगंगेला नमस्कार म्हणून कपाळाशी न्यायचास. पूल संपला की पुन्हा जिथं थांबलो होतो तिथूनच सुरू. पुलावर मी कधी काही बोललो नाही. तेवढं मी पाळलं.

सिहोऱ्याच्या मंडईतला, दिवाळीनंतरच्या जत्रेतला, तो सामना तुझ्या तोंडून मी इतक्यांदा ऐकला की आता मला काय दिसलं होतं आणि काय तू सांगितलं होतंस, हे वेगळं काढता येत नाही. भर दुपार. मंडईला जमलेलं सगळं गाव मैदानाभोवती. त्याचंच गाव, त्याचीच माणसं, आणि त्यालाच शिव्या देतायत. आपण मागे. मुन्ना शेवटच्या चढाईला गेला, त्याला तिकडे पाडला, आणि अंगावर माणसं घेऊन तो सरपटत मधल्या रेषेपर्यंत आला. बोटं टेकली. तुझ्या सांगण्यात सुरुवातीला त्याच्या अंगावर तिघं असायचे. मग चार झाले. मागच्या मंडईत तू नव्या पोरांना सांगताना पाच होते. पहिल्यांदाच सांगतो, दोघं होते रे. दोघं कमी नाहीत.

तू त्याला खांद्यावर घेतलंस, गर्दीत तुझी एक चप्पल गेली, आणि ट्रॉलीतून गावात एका पायात चप्पल घालून उतरलास. तुझी आई दारात उभी राहून म्हणाली, "एकच कायले ठेवली? तेही देऊन टाकाची ना." सगळी ट्रॉली हसली. मुन्ना सगळ्यात जास्त हसला. मी तुझ्यासारखा खांद्यावर घेणाऱ्यातला नव्हतो, पण त्या दिवशी मीही फार खुशीत होतो. हे तुझ्यापाशी कबूल केलं असतं तर तू त्याचा लगेच पुरावा केला असतास, म्हणून कधी बोललो नाही.

तू खेळ सोडलास तेव्हा मी तुला बरोबर पकडला असं मला वाटलं होतं. दसऱ्याच्या सकाळी तू रेषेवर उभा राहिलास, चार नंबर गणेशच्या हातात दिलास, त्याला सोनं दिलंस आणि पारीवर जाऊन चणे खात बसलास. सगळे आपापल्या वेळी रडले होते. मी तर पाच नंबर देताना नाक पुसत होतो. तू मागे वळूनही पाहिलं नाहीस. मी शेजारी येऊन बसलो आणि म्हटलं, "एका हंगामाच्या पोट्ट्याचा नंबर जपून ठेवते, आन सोताचा असा देऊन टाकला?"

त्या दिवशी तू पहिल्यांदा उत्तर दिलंस. चणे चावत, तलावाकडे पाहत.

"मी तं इथंच हावो ना बे. जो इथंच हाये, त्याची जर्सी कायले टांगा लागते? रोज दिसतो थो. गेला त्याचीच जागा ठेवा लागते." आणि मग थोड्या वेळानं, "किती दिवस खेळला हे तू मोजत राहतं. थो गेल्यावर किती रिकामं झालं, थे पाह्य ना."

मी म्हटलं, हे नाटकातलं बोलणं झालं. तू म्हणालास, नाटकात तर काय खोटंच बोलतात का? आणि चण्याची पुडी माझ्या हातात देऊन निघून गेलास. तो वाद तिथंच अर्धा राहिला आहे.

माझी वत्सला गेली त्यानंतरचं मला बोलायचं आहे. हे तुझ्यासमोर बोलणं जमलं नसतं.

ती गेल्यावर तू रोज संध्याकाळी यायला लागलास. आधी आठवड्यातून एखादा फेरा असायचा. आता दिवे लागायच्या आधी फाटक वाजायचं आणि तू सपरीच्या पायरीवर बसायचास. सांत्वन वगैरे काही नाही. बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "मंग, दहा नंबराचं काय म्हणते तू?" मला इतका संताप यायचा. बायको जाऊन पंधरवडा नाही झाला आणि याला नंबर सुचतो. मग मी भांडायचो. भांडता भांडता चहा टाकायचो. चहा टाकायचा म्हणून चूल, नाहीतर गॅस पेटायचा. पेटला आहे तर भात लावायचो. तू उठून गेल्यावर लक्षात यायचं की आपण जेवलोय.

तू हे ठरवून करत होतास की तुला खरंच दुसरं काही बोलता येत नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही. आता कोणाला विचारू? सुमनवहिनींना विचारलं तर त्या फक्त म्हणाल्या, "ते घरी कबड्डीचं नाव नाही काढत होते भाऊजी." तेवढ्यानं मला पुरे झालं.

आणि ती खुर्ची. सपरीत वत्सलाची लाल खुर्ची आहे, प्लास्टिकची, एका हाताला तडा गेलेली. तिच्यावर ती तांदूळ निवडत बसायची. ती गेल्यापासून त्या खुर्चीवर मी कोणाला बसू दिलं नाही. आलेल्या माणसासाठी मी आतून दुसरी आणायचो, खाट टाकायचो, पण ती नाही. तोंडानं कधी कोणाला काही बोललो नाही. तू एकदाही तिच्यावर बसला नाहीस. गुडघे दुखायचे तुझे, पायरीवरून उठताना भिंतीला हात लावायला लागायचा, तरी पायरीच.

भास्कर, ती खुर्ची तुझ्यासमोर होती. रोज, दोन हातांवर. मी तावातावानं म्हणत होतो की गेलेल्या माणसाची जागा अडवून ठेवणं म्हणजे मूर्खपणा, आणि माझ्या शेजारी ती रिकामी खुर्ची. तू नुसती मान तिकडे वळवली असतीस तरी मी त्याच क्षणी हरलो असतो. एवढा भांडकुदळ माणूस तू, सामन्यात समोरच्याचा पाय जरा घसरला की झडप घालणारा. इतक्या वर्षांत तू ती पकड केली नाहीस. तिकडे कधी पाहिलंसुद्धा नाहीस. मला वाटायचं तुझ्या लक्षात आलं नसेल. ते खरं नव्हतं, आणि हे तुला नेताना माझ्या लक्षात आलं, भर रस्त्यात. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस रोज उगाच पायरीवर बसत नाही.

त्या दिवशी माझा उजवा हात कुठं ठेवावा मला कळत नव्हतं. खेळताना मी डाव्या कोपऱ्यात, तू माझ्या शेजारी. चढाई आली की तुझा डावा हात माझ्या उजव्या हातात, घामानं बुळबुळीत, घट्ट. कबड्डी सुटून इतकी वर्षं झाली तरी गर्दीत चालताना तो हात आपोआप तुझ्या बाजूला जायचा. खांदा द्यायला मी पुढे झालो आणि हात बाजूलाच लोंबत राहिला. गणेशनं तो धरून बांबूवर ठेवला.

आता मुन्नाचं ऐक. तो आला होता.

तुझ्या तेरवीला आला. सिहोऱ्यातून त्याला कोणीतरी कळवलं. मी ओळखलंच नाही. पोट सुटलेला, केस काळे केलेला, नागपूरला स्थायिक झालेला माणूस. पंगत उठल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "देवाजीभाऊ, मी मुन्ना." पहिला विचार काय आला सांगू? तुला आवाज द्यावा. भास्कर, अबे ये भास्कर, कोण आला पाह्य. तोंड उघडलंही होतं मी.

मग मी मनात वाक्य जुळवलं. म्हटलं, दसऱ्याला ये. एक सकाळ. रेषेवर उभा राहा, दहा नंबर पोरांना दे, मोकळा हो आणि आम्हाला मोकळं कर. म्हणजे भास्कर, तुझी अट पुरी होईल, माझं म्हणणंही खरं होईल, दोघांचंही झालं. इतका सोपा निकाल. त्याला घेऊन मी मंडळाच्या खोलीकडे गेलो. कुलूप उघडलं. खिळ्यावर ते बनियन, पिवळ्याचं मातकट झालेलं, आकड्याचा रंग तडकलेला.

त्यानं सगळीकडे पाहिलं. ढाली पाहिल्या, फोटो पाहिले. तुझ्या फोटोसमोर थांबला. म्हणाला, "भास्करभाऊनं मले खांद्यावर घेतलं होतं. याद हाये तुमाले? एक चप्पल हारपली होती त्यायची. त्यायच्या मायनं काय मस्त टोला देल्ला होता." आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. मग खिळ्याकडे बोट करून म्हणाला, "हे कोणाचं हाये भाऊ?"

"तुहा नंबर कोणता होता?" मी विचारलं.

"माहा?" तो विचारात पडला. "सात होता का? लय वर्षं झाली भाऊ. फौजेत गेल्यावर किती टीमा झाल्या, किती नंबर झाले."

मी त्याला दोष देत नाही. एकच हंगाम खेळला होता तो. त्यानं का लक्षात ठेवावं? पण भास्कर, हा माझा विजय होता. ज्या दिवसाची मी इतकी वर्षं वाट पाहिली तो दिवस. ज्याच्यासाठी तू नंबर राखलास त्याला तो आठवतही नाही. हे मी तुला पारीवर बसवून, चणे चारत, तीन वेळा ऐकवलं असतं. आणि मला एवढंच वाटलं की बरं झालं, भास्कर इथं नाही. बरं झालं, त्यानं ऐकलं नाही.

"कोणाचं हाये मंग?" मुन्नानं पुन्हा विचारलं.

"भास्करचं," मी म्हणालो.

त्यानं चपला दाराबाहेर काढून ठेवल्या, आत आला आणि बनियनाला हात जोडले. दसऱ्याचं मी काही बोललो नाही. त्याला स्टँडवर सोडून आलो. बस हलल्यावर त्यानं खिडकीतून हात काढला आणि ओरडला, "येतो भाऊ." येतो म्हणायची पद्धत असते, म्हणून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोरं आली होती, तुझा चार नंबर दहाच्या शेजारी टांगायचा म्हणून. गणेशनं जर्सी धुऊन, घडी घालून आणली होती. मी नाही म्हटलं. तो चार तुला भास्करनं स्वतःच्या हातानं दिला, म्हटलं. दिलेला परत घ्यायचा नसतो, घाल आणि खेळ. तो घालून सरावाला गेला. मी पारीवरून पाहत होतो. पाठमोरा चार नंबर कोपऱ्याशेजारी वाकून उभा होता, आणि मी दोनदा 'डावीकडं सरक बे भास्कर' असं ओरडलो. कोणी हसलं नाही. गणेश मात्र डावीकडं सरकला.

आता धान निसवायला लागलं आहे, लोंब्या बाहेर येतायत. या वेळी तू रोज एकदा माझ्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, येऊन 'तुह्यापेक्षा माहा बरा हाये' म्हणून जायचास. तुझ्या बांधीत यंदा धान खरंच चांगलं आहे. मी जाऊन पाहून आलो. सांगायला परत वळलो आणि धुऱ्यावर तसाच उभा राहिलो. संध्याकाळी फाटक वाजत नाही. चहा मी एक कपच टाकतो आणि तो गार होतो. भात कधी लावतो, कधी नाही.

आज गणेश आला. दुकानदारानं त्यालाही फोन केला होता.

"काकाजी, त्याले काय सांगू? उद्या छापाले टाकतो म्हणते थो." मग जरा चाचरत, "तुमी तं नेहमी म्हणत होते, दहा खेळाले पाहिजे म्हणून. पोट्टेही तयार हायेत. तुमी म्हणान तसं."

मी म्हटलं, "बस तं पहिले."

लाल खुर्चीकडे तो वळला नाही, गावात सगळ्यांना ते माहीत आहे. तो पायरीवर बसायला वाकला.

"तिथं नोको," मी म्हणालो.

इतक्या जोरात म्हणालो की मीच दचकलो. तो अर्धा वाकलेला तसाच थांबला. त्यानं पायरीकडे पाहिलं. भिंतीवर, तू उठताना हात टेकायचास तिथं, चुन्यावर काळा डाग पडला आहे, तो त्यानं पाहिला. मग हळूच सरकून माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसला. समोर खुर्ची रिकामी, पायरी रिकामी.

थोड्या वेळानं त्यानंच मोबाइल काढला. "दहा सोडून सांगतो काकाजी. तेरापर्यंत नंबर टाकाले लावतो."

"हाव," मी म्हटलं.

भास्कर, तू जिंकलास. पण हे कबूल करायला समोर तूच पाहिजे होतास.